रेषा कुणी हलवली

खोपोली
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय कमळाकर,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पासपोर्ट झाला, कंपनी तुला सिंगापूरला पाठवणार हे जवळजवळ ठरलं, हे ऐकून आईला फार बरं वाटलं. मीच तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती कापणीसाठी चौक गावाला मामाकडे गेली. गुडघा दुखतो, पण ऐकत नाही. मुलं बरी आहेत. माझ्या बालवाडीला दिवाळीची सुट्टी आहे. तुझे दाजी सध्या घरीच असतात.

पत्रातली एक ओळ मात्र मी आईला वाचून दाखवली नाही. ‘कारखान्यात झालं ते मनावर घेऊ नका, धंद्यात असं व्हायचंच.’ ती ओळ मी चार वेळा वाचली. कमळाकर, हे तू लिहिलंस की तुझ्या मुंबईच्या ऑफिसातल्या साहेबाने सांगितलं?

इथे काय झालंय ते तुला नीट कुणी सांगितलेलं दिसत नाही. दिवाळीच्या तोंडावर फाटकावर नोटीस लागली. जपानच्या मशिनांचे हप्ते परवडत नाहीत, म्हणून नवी शेड बंद आणि तिथल्या सगळ्यांना घरी बसवलंय. कारण काय, तर ‘बाहेरून घेतलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या चुकीमुळे झालेला तोटा.’ तुझं नाव लिहिलेलं नाही. पण तो प्रोग्रॅम कुणी केला हे अख्ख्या खोपोलीला ठाऊक आहे. आपणच तर विहारात तुझा सत्कार केला होता, पेढे वाटले होते.

नव्या शेडमध्ये तुझे दाजीही होते. आता कळलं असेल ते घरी का असतात.

मे महिन्यात तू आलास, तेव्हा पाताळगंगेवर मी गोधड्या धूत होते आणि तू दगडावर बसून मला सगळं समजावलंस. मशिनांचे पैसे येनमध्ये द्यायचे, येन महागला की मशिनं महागली. तू म्हणालास, “ताई, सणाआधी तेल महागणार म्हणून आपण दुकानदाराकडे आजच्या भावाने डबा बांधून ठेवतो ना, तसे बँकेकडून येन बांधून ठेवता येतात. थोडं जास्त पडतं, पण धोका टळतो.” तुझा प्रोग्रॅम रोज भाव बघायचा. येन ठरलेल्या रेषेच्या वर गेला की बँकेला पाठवायचा टेलेक्स आपोआप तयार व्हायचा. माणूस हावरट होतो किंवा घाबरतो, म्हणून ते काम माणसाच्या हातात ठेवायचंच नाही, असं तू म्हणाला होतास. मला ते फार आवडलं होतं.

मग तू खालच्या आवाजात पुढचं सांगितलंस. कॉम्प्युटरने वेळेवर इशारा दिला होता. कारखान्याचे साहेब म्हणाले, येन उतरणार आहे, यंदा जादा खर्च दाखवायचा नाही, रेषा वर घे. तू घेतलीस. येनने तीही ओलांडली, त्यांनी पुन्हा वर घ्यायला लावली. शेवटी म्हणाले, ती रेषाच काढून टाक.

“मग?” मी विचारलं.

“काढली. त्यांचा कॉम्प्युटर, त्यांचा पैसा.”

रेषा काढलीस म्हणून मी रागावलेले नाही. नोकरीत सांगितलेलं करावं लागतं. पण ज्याने काढायला लावली तो आज तुझ्या प्रोग्रॅमची चूक म्हणतो, आणि तू सिंगापूरची तयारी करतोस. तू गप्प बसावंस म्हणूनच तुला तिकडे पाठवतायत, एवढंही मला कळू नये का?

आणखी एक आहे. लिहू की नको असं चाललं होतं. नळावर पारूबाई मला म्हणाली, “तुमच्या भावाच्या मशीननं आमच्या चुली इझवल्या.” ते मी ऐकून घेतलं, तिचा मुलगाही घरी बसलाय. पण परवा फाटकावरच्या सभेत ऑफिसातला एक जण हसत म्हणाला, “असल्यांच्या हाती असली कामं द्यायचीच नसतात.” असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं. तुझे दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी आयुष्यात कधी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

म्हणून मी बोलले.

युनियनच्या रामभाऊंना म्हटलं, मला दोन शब्द सांगायचेत. ते म्हणाले, “बोला, हिराबाई.” मी तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. इशारा मिळाला होता. रेषा दोनदा वर घ्यायला लावली. मग काढायला लावली. हे माझ्या भावाने मला स्वतः सांगितलंय. पारूबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.

घरी येताना पुलाजवळ दाजी म्हणाले, “बोललीस ते खरंच हाय. पन त्याचं सिंगापूर गेलं गं.” मला वाटलं ते चिडलेत. वळून बघितलं, तर डोळे पुसत होते.

काल कारखान्याच्या साहेबांनी रामभाऊंना बोलावून सांगितलं की बाई मनाचं काहीबाही सांगते, पाहिजे तर त्या मुलालाच विचारा. मंगळवारी रामभाऊ आणि आणखी दोघं त्या साहेबांबरोबर मुंबईला तुझ्या ऑफिसात येतायत. तुझे वरिष्ठ समोर बसलेले असतील. तुला एवढंच विचारतील, बहीण बोलली ते खरं की खोटं. टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून ट्रकवाल्या पोशाच्या हाती देते आहे.

तू हो म्हणालास तर नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. इकडे ये. खायला कमी पडणार नाही. नाही म्हणालास तर मी भर सभेत खोटं बोललेली बाई ठरेन, आणि त्या ऑफिसातल्या माणसाचं म्हणणं खरं ठरेल. मग सिंगापूरहून मला पत्र लिहू नकोस.

आईला अजून यातलं काही ठाऊक नाही. बुधवारी ती चौकहून परत येईल, आणि आल्या आल्या तुझंच विचारेल. तिला काय सांगायचं ते मंगळवारी तू ठरव.

तुझी मोठी बहीण,
हिरू