यंत्राने उचललेला हात माझ्या नावावर लागल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय सवलत अधिकारी,
सेवानिवृत्त कर्मचारी कल्याण कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : उजव्या हाताच्या यंत्रोपचारावरील सवलत पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘रुग्ण बरा झाल्याने सवलत समाप्त’.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी छापखान्याच्या बांधणी विभागात एकतीस वर्षे नोंदवह्या शिवल्या. आपल्या टेबलावरची वहीसुद्धा कदाचित माझ्याच हातची असेल. गेल्या वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, ऐकत नाही. रुग्णालयातले यंत्र तो पट्ट्यांत धरून हलवते आणि कुठवर गेला याचा आकडा काढते. एका बैठकीचे शुल्क माझ्या सहा दिवसांच्या निवृत्तिवेतनाइतके. आपल्या सवलतीमुळे ते दीड दिवसावर आले होते. चाळीस बैठका मंजूर, पैकी चौदा झाल्या.

२. चौदाव्या बैठकीत यंत्राची मदत बंद करून चाचणी घेतात. हात सरळ खांद्याच्या वर गेला. यंत्र चालवणाऱ्या ताई ओरडल्या, “काका, जमलं की हो तुम्हाला!” त्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खोलीतून दोघींना बोलावून आणले. शंभरपैकी शंभरचा कागद आपल्याकडे आला आणि मी बरा झालो.

३. आता खरे सांगतो. ताई मदत बंद करायला विसरल्या होत्या. पट्टा हाताला ओढतोय हे मला लगेच कळले, तरी गप्प बसलो. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून मला कोणी शाबासकी दिलेली नव्हती. तीन माणसे माझ्याकडे बघून हसत होती. मीही हसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! ताईंवर कृपया कारवाई करू नये. विसरल्या त्या, पण लपवले मी.

४. आपल्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, “लोक बरे होत नाहीत म्हणून भांडतात, तुम्ही बरे झालात म्हणून भांडताय!” त्यांनी हात उचलून दाखवायला सांगितले. तो उचलला गेला नाही. त्यावर, “मुद्दाम उचलत नसाल कशावरून?” असे विचारण्यात आले. मागे रांग होती. मी जिना उतरलो.

५. आपल्या पत्रात असेही लिहिले आहे की, सुधारणा टिकावी म्हणून ‘घरातील व्यक्तीने’ हात धरून दिवसातून तीनदा हलवावा व तक्त्यात सही करावी. घरातील व्यक्ती मीच आहे. डाव्या हाताने उजवा धरतो, दहा वेळा वर नेतो, मग दोन्ही हात दमतात. सही कोणाची घ्यावी ते कळवावे.

६. शेवटची गोष्ट अर्जात बसते की नाही माहीत नाही. माझी मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. माझ्याजवळ राहायला तिने महिनाभराची रजा काढली होती. चाचणीच्या संध्याकाळी मी फोनवर तिला शंभरपैकी शंभर सांगून बसलो. पोर रडली हो आनंदाने. मग म्हणाली, “बाबा, मग आता रजा साठवून ठेवते, पुढे कधीतरी येते.” मी म्हटले, “ठेव, ठेव.”

७. तरी विनंती की, सवलत सुरू करावी. नियमात बसत नसल्यास निदान ‘सदर इसम बरा झालेला नाही’ एवढे कार्यालयाच्या शिक्क्यानिशी लिहून थेट माझ्या मुलीस पाठवावे. मला ते तिला सांगवत नाही. सरकारी कागदावर ती विश्वास ठेवील.

आपला,
अद्याप बरा न झालेला,
(सही, डाव्या हाताची)
माजी बांधणी कामगार

दिनांक : मंगळवार, ज्या दिवशी पंधरावी बैठक झाली असती तो

सोबत :
१. चाचणीचा कागद.
२. मुलीचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा.