सोमवारचं मोठं अक्षर

गुरुजी,

आज तिसरीच्या वर्गात मी इंग्रजीतली गावांची आणि वारांची नावं मोठ्या अक्षरानं सुरू करायला शिकवत होते. सोनई, श्रीरामपूर, सोमवार असं फळ्यावर लिहिलं. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं तरी इंग्रजीतलं पहिलं अक्षर A च राहिलं, हे कळल्यावर पोरं खूश झाली. तेवढ्यात पुढच्या ओळीतली मुलगी म्हणाली, "बाई, मराठीत सोमवारला कुठं मोठं अक्षर असतं? मंग इंग्रजीतच का?" माझा हात उचलला गेला. तिनं दोन्ही कान झाकून घेतले. हात मी खाली आणला आणि म्हणाले, "त्या भाषेची तशी रीत आहे, बाळा." पण तिनं तो हात पाहिला होता.

पाचवीत हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. वहीत दहा वेळा सोमवार लहान अक्षरानं लिहिलेला, वर हा प्रश्न. "मला शिकवतेस?" म्हणत तुम्ही कानाखाली अशी दिलीत, की माझं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. भुवई फुटली, वही रक्तानं भरली. मग तुम्हीच घाबरलात, रुमालानं जखम दाबून धरलीत.

वडील तेव्हा कांद्याच्या गोण्या वाहायचे. संध्याकाळी जखम बघून ते एवढंच म्हणाले, "गुरुजी हायेत. तूच चुकली आसशील." मला तुमच्यापेक्षा त्यांचाच राग आला. मी म्हणाले, "तुमालाबी शिवी दिली त्यांनी. हमालाची अवलाद म्हनले." तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हतात.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू आहे आणि वडील वर्गात शिरतात. तुमची कॉलर धरतात, टेबलावरचा रूळ उचलतात. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. चष्मा फुटून काच गालात घुसते. तुम्ही फळ्याखाली कोसळता, वडील लाथा घालत राहतात. "मी शिवी दिली नाही हो," तुम्ही रक्ताळल्या तोंडानं सांगता, "विचारा तिला." वडील थांबतात. धापा टाकत माझ्याकडे वळतात. "दिली का न्हाई?" सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. तुम्हीही. मी मान हलवते. दिली. रूळ पुन्हा वर जातो.

तुम्ही तक्रार केली नाहीत. मोटारसायकलवरून पडलो, असं दवाखान्यात सांगितलंत म्हणे. पंधरा दिवसांनी आलात तेव्हा एक डोळा अर्धा मिटलेलाच होता. मला फळ्यापाशी बोलावून म्हणालात, "सोमवार लिही." मी मोठ्या अक्षरानं लिहिला. "बरोबर," म्हणालात. त्यानंतर तुम्ही कुणावरच हात उगारला नाही, आणि माझ्या बाकापाशीही कधी आला नाहीत. पुढे तुमची बदली झाली. तुम्ही वारल्याचं कळलं त्या दिवशीही मी सगळे तास घेतले.

वडील आता थकलेत. पोरीसाठी मास्तरला कसा तुडवला, हे ओट्यावर बसून येईल त्याला सांगतात. कालही सांगत होते. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी चहाचे कप ठेवले आणि आत आले. तुम्हाला हे लिहायला काही धीर लागला नाही, गुरुजी. तुम्ही वाचणार नाही. ज्यांना सांगायला हवं ते आता बाहेर खोकतायत. मी दार लोटून घेतलंय.