टबाचे नवे स्पीकर

४ जानेवारी, रविवार

मी रोजनिशी लिहिणारी बाई नाही. उत्कर्षा नावाच्या फिजिओथेरपिस्टने अट घातली म्हणून ही वही. सुरेखाने कोणता व्यायाम किती वेळा केला ते तारीखवार लिहून दाखवलं नाही, तर ती केस सोडणार आहे. मुलगी फटकळ आहे. मला आवडली.

काल धुक्यामुळे गाडी नऊ तास उशिरा लखनऊच्या चारबाग स्टेशनला लागली. माझी भाची देविका फलाटावर उभी होती. वाकून नमस्कार करत म्हणाली, मावशी, तू आलीस, आता आई चालणार. घरी पोचलो तर चौकातून आणलेली मक्खन मलाई मातीच्या दोन कुल्हडांत भरून ठेवलेली. जिभेवर ठेवली की नाहीशी होते. सुरेखा म्हणाली, अक्का, हिची हजेरी घ्यायला जाशील तर सापडायची नाही.

सुरेखा माझी धाकटी बहीण, वय एकसष्ट. विष्णुराव गेल्यापासून लेकीकडे असते. ऑक्टोबरमध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, पण पाय टेकवत नाही. वॉकर धरून उभी राहते आणि थरथरते. हाड जुळलंय, भीती गेलेली नाही.

गोमती नगरमधलं हे घर सप्टेंबरपासून भाड्याने घेतलेलं आहे. मागच्या अंगणात काचेची खोली आणि तीत घरमालकाने बसवलेला हॉट टब, चार माणसं मावतील एवढा. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, म्हणून डॉक्टरांनी कोमट पाण्यातले व्यायाम सांगितलेत. देविका आणि जावई संग्राम कंपनीच्या कामासाठी आज सिंगापूरला गेले, सहा आठवड्यांसाठी. मी देविकाला शब्द दिलाय, परत येशील तेव्हा दार तुझी आई उघडेल, स्वतःच्या पायांवर येऊन.

मिरजेच्या मुलींच्या शाळेत मी चौतीस वर्षं विज्ञान आणि कवायत शिकवली. पाय कसे उचलून घ्यायचे ते मला कळतं.

५ जानेवारी

पाणी छत्तीस अंश. पाय उचलणे दहा वेळा ठरलं होतं, झाले चार.

अडचण साधी आहे. पाण्याचे झोत सुरू केले की गिरणीसारखा आवाज होतो, आणि सुरेखाला कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र पाण्यात काढावं लागतं. माझी मोजणी तिला कळत नाही. मैदानाच्या टोकापर्यंत माइकशिवाय आवाज पोचवणारी मी, आज पाच फुटांवर ओरडून घसा बसवून घेतला.

टबाच्या काठात, बसणाऱ्याच्या कानांजवळ, चार स्पीकर आहेत. त्यांना छोटा माइक जोडता येतो. जोडला. खरखर आली, जाड कापड फाडल्यासारखी. एकही आकडा समजेना. बदलून घ्यायचे.

७ जानेवारी

आदेश नावाचा इलेक्ट्रिशियन आला. स्पीकर काढून दाखवले. पडदे ओलाव्याने कुजलेत. ‘गल गए हैं, मैडम.’ पण दोन स्पीकरांत कोणीतरी मेणबत्तीचं मेण ओतून वर अंगठ्याने दाबलेलं होतं. ठसे स्पष्ट दिसतात. आदेश हसला, कोणाला तरी गाणी आवडत नव्हती म्हणाला. या घरात आमच्याआधी एक म्हातारी बाई आणि तिचा मुलगा राहायचे, एवढंच त्याला माहीत. मी त्याला गप्पा बंद करून काम करायला सांगितलं.

नाक्याच्या बाजारातून पाण्यात चालणारे चार नवे स्पीकर आणून त्याने बसवले. सील वाळायला एक दिवस. जुने फेकू दिले नाहीत, मालकाची वस्तू आहे.

९ जानेवारी

उत्तम. पाय उचलणे १०, पाय बाजूला नेणे १०, पाण्यात चालणे २० पावलं. एकही आकडा चुकला नाही.

नव्या स्पीकरमधून मी माझा आवाज प्रथमच नीट ऐकला. शाळेतल्या मुली मला का घाबरायच्या ते समजलं. सुरेखा म्हणते, अक्का, तू कानात बसून ओरडतेस. मी म्हटलं, कानात बसल्याशिवाय तू ऐकतेस कुठे!

११ जानेवारी

पाय उचलणे १०. सुरेखा म्हणते १४. मी दहाला थांबले होते. ती हट्टाने म्हणाली, तूच तर म्हणालीस अकरा, बारा, तेरा, चौदा. भूल झाली असेल. वहीत १० लिहिलं आहे.

१२ जानेवारी

भूल नाही.

दहा म्हणून मी माइक बंद केला. तोंड मिटलेलं होतं. स्पीकरमधून माझा आवाज आला. अकरा. बारा. पाय वर. अजून वर. दुखू दे.

‘दुखू दे’ असं मी सुरेखाला कधी म्हटलेलं नाही. शाळेत मात्र म्हणायची.

आदेशला बोलावलं. आवाज घुमत असेल किंवा शेजाऱ्याचा फोन जोडला जात असेल, असं त्याचं मत. शेजाऱ्याच्या फोनमध्ये माझा आवाज कसा, हे विचारलं. तर म्हणे, ‘माताजी, आप आराम कीजिए.’ मला माताजी म्हणायचं नाही, एवढं बजावून त्याला पाठवला.

१३ जानेवारी

माइक काढून कपाटात ठेवला. तरी मोजणी झाली. चाळीसपर्यंत.

पण हेही लिहिलं पाहिजे. आज सुरेखा टबातून निघून दारापर्यंत वॉकरशिवाय चालली. सहा पावलं. उत्कर्षाने टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढून देविकाला पाठवला. देविका फोनवर रडली. म्हणाली, मावशी, तुझ्या आवाजात जादू आहे.

मी फोन सुरेखाकडे दिला. बोलायला हवं होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. इथे खिचडी म्हणतात. सुरेखाने स्वयंपाकघरात उभी राहून स्वतः खिचडी फोडणीला घातली. वॉकर नाही, काठी नाही. मला डिवचून म्हणाली, बाई, आता पास करा. मी हसले.

आणि दुपारी टबात — पायांची मोजणी नाहीच. माझ्या आवाजात: श्वास घे. धर. डोकं खाली.

तिने डोकं खाली घातलं. मी पंचवीसपर्यंत गोठून उभी. मग केसांना धरून वर ओढलं. ती चिडली. अक्का, तूच सांगतेस आणि तूच ओढतेस?

मी नव्हतं सांगितलं, म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी खोटं बोलले की अशीच पाहायची.

१५ जानेवारी

टब रिकामा केला. आदेशने माझ्यासमोर चारही तारा कापल्या. डॉक्टरांनी सुरेखाची छाती तपासली. निर्दोष.

दिवसभर ती गप्प. विचारलं तर म्हणाली, तू काही सांगतच नाहीस आज.

व्यायाम: नाही.

१६ जानेवारी, सकाळी ७.०५

सुरेखा पलंगावर नाही. कोरड्या टबात बसलेली, ताठ. डोळे उघडे. ओठ निळे. कापलेल्या तारांच्या स्पीकरमधून माझा आवाज — धर. धर. धर.

मी ओरडले, श्वास घे. तिने घेतला.

सोड म्हटलं. सोडला. मग पुढचा घेईना. मी सांगेपर्यंत घेईना.

७.३०

हाताला धरून पलंगावर आणलं. रुग्णवाहिकेला तीनदा फोन. धुक्यात महामार्गावर गाड्या एकमेकींवर आदळल्यात, सगळ्या रुग्णवाहिका तिकडे. येतो म्हणतात. उत्कर्षा आलमबागहून स्कूटरवर निघाली आहे, रस्ता दिसत नाही म्हणते.

मी मोजते आहे. घे. सोड. घे. सोड. दर सोडीनंतर दोन शब्द लिहिते. लिहिलं नाही तर माझं डोकं —

८.००

उत्कर्षाने फोनवरून मोजून पाहिलं. सुरेखा घेईना. माझाच आवाज मोबाईलवर भरून लावला. तोही नाही. तोंडाने श्वास द्यायला गेले तर दातखीळ बसलेली. मी समोर बसून सांगितलं तरच.

ती शुद्धीवर आहे. माझ्याकडे पाहते. घाबरलेली. माझी सुरी.

८.४०

घसा जातोय. गरम पाणी प्यायला दोन श्वासांची फट पुरत नाही. अंगणातून तो आवाज मोजतोय, स्वच्छ, न थकता. मी चुकले की तो बरोबर असतो —

९.१०

आवाज गेला. फक्त हवा येते. तिचे ओठ पुन्हा —

टाळ्या वाजवल्या. गालावर मारलं. नाही.

अंगणातून: आण.

मी हात पुढे केला. ती उठली. काठीशिवाय चालत आली. बावीस पावलं. मी मोजली.

९.२०

ताबा दिला त्याची नोंद.

सुरेखा विष्णू घाटगे, वय एकसष्ट. जिवंत. नाडी चालू. अंगात निळा स्वेटर. कानातलं यंत्र काढून माझ्याकडे.
घेणार: टबाचे चार स्पीकर.
मुदत: रुग्णवाहिका येईपर्यंत, एवढीच.
देणार: विनीता, थोरली बहीण.

घे. सोड. घे. सोड. छान घेतेय. ओठ गुलाबी झाले. तिने माझा हात दाबला. मी हे लिहीपर्यंत अकरा श्वास, सगळे बरोबर —

फाटकापाशी गाडीचा आवाज. आली वाटतं. सुरी, आली बघ —

घे.

धर.

एक. दोन. सोड म्हणत नाही. मी म्हणतेय, आवाज नाही. तिला ओढतेय, एका हाताने, काठ सुटत नाही तिचा. नोंद कर म्हणतोय मला. माझ्याच आवाजात. दुसरा हात लिहितोय, थांबत नाही — अठरा. एकोणीस. दार कोणीतरी वाजवतंय, आतून कडी — उठता येत नाही — सव्वीस. डोळे माझ्याकडे. अक्काकडे. सांग म्हणतायत. छत्तीस. सदतीस. सोड, सुरी, सोड, सो —

एक्केचाळीस. बेचा