आपली चाळ, तुझी कंपनी

लालबाग,
बुधवार

प्रिय कल्पेश,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण तिसरीपासूनची सवय आहे, जाईल कुठे? रविवारी लोअर परळच्या मॉलमध्ये गेले होते. तुमच्या कंपनीच्या नव्या कन्सोल गेमच्या स्टॉलवर ही रांग! पडद्यावर बघते तर आपली पाडलेली चाळ. तोच लाकडी जिना, तिसऱ्या मजल्याची तीच गॅलरी, मी आठवडाभर खपून पीसीवर उतरवलेला तोच पोपडे आलेला निळा रंग. क्षणभर वेड्यासारखा आनंद झाला मला. मग शेवटी गेम बनवणाऱ्यांची नावं आली. तुझं होतं, माझं नव्हतं.

चार वर्षं रे! चाळ पाडणार हे कळल्यावर आपण टेप घेऊन खोल्या मोजत हिंडलो आणि पीसीवरच्या गेममध्ये ती जशीच्या तशी उभी केली. तेव्हाही तू डोकं खायचास. म्हणे दहा वर्षांत पीसीवर कुणी खेळणार नाही, लोकांना सोफ्यावर पडून एक बटण दाबायचं असतं, ग्राफिक कार्ड बदलत बसायला वेळ आहे कुणाला? मी म्हणायचे, असेलही. पण कन्सोल म्हणजे भाड्याची खोली, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. पीसीवर गेमच्या आत शिरून तो बदलता येतो, म्हणून तर आपली चाळ त्यात मावली. मला वाटायचं, आपण मशीनवरून भांडतोय. तू तेव्हाच तुझ्या साहेबांना आपल्या फाइली दाखवत होतास.

विचारलं असतंस तर मी हसत दिलं असतं सगळं. हेच जास्त लागलंय.

स्टॉलवर मीही रांगेत उभी राहून खेळले. दिसायला झकास आहे हो, आपल्या पीसीला जमलं नसतं इतकं. पण एका खोलीचं दार उघडेल तर शपथ! आणि गॅलरीत, जिथे आपण तुझ्या बाबांना खुर्चीवर बसवलं होतं, तिथे तू बंदुकांची पेटी ठेवलीस. स्वतःच्या बापाच्या जागी, कल्पेश!

काल तुमच्या कंपनीचं पत्र आलं. पीसीवरची चाळ आठ दिवसांत पुसून टाका, ती आता आमची आहे. खाली सही तुझी.

वकील गाठून उत्तर पाठवता आलं असतं. पण तू बंगळुरूला गेल्यापासून तुझी आई रोज दुपारी माझ्याकडे येते, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. रखमाकाकींना माऊस जमत नाही. कीबोर्डवरचा एकच बाण त्या दाबतात आणि गॅलरीतून चालत खुर्चीपर्यंत जातात. मग बाबुरावकाका विचारतात, “चाय टाकलंस काय गो?” त्यांच्या शेवटच्या आजारपणात तूच मोबाइलवर टिपलेला आवाज. काकी पदर सावरून “टाकतंय” म्हणतात, थोडा वेळ बसतात आणि घरी जातात. मी काही पुसणार नाही. पुसायचं असेल तर तू ये, चार वाजता ये, आणि त्या समोर बसलेल्या असताना तुझ्या हाताने पूस.

कालचं पत्र येईपर्यंत तरी तुझीच,
रंजिता