हळदीनंतर

८ जानेवारी, बुधवार
आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, फक्त स्वतःसाठी. तरी अक्षर नीट काढतोय.
प्रोजेक्ट मिळाला! उरणकडच्या आमच्या पट्ट्यात कुठले आईबाप पोरांना लस द्यायला का-कू करणार, हे मशीन लर्निंगने आधीच ओळखायचं. मॉडेल घराला रंग देणार. लाल घरी आशाताई पूनमने जायचं, हिरव्या घरी जायची गरज नाही. एक संस्था पैसे देणार, डोकं माझं. बाबा म्हणाले, त्यापेक्षा ट्रेलरच्या धंद्यात ये. बुधाजीशेठ म्हणून अख्ख्या पोर्टात मान आहे त्यांना, पण व्हिजन नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून कोडिंग.

९ जानेवारी
नऊला उठलो. थंडी फार.

१७ जानेवारी
घरोघर सर्व्हे. मिठागराकडची ठमाबाई भेटली. नातवाची गोवराची लस राहिलीय. कधी देणार, विचारलं. म्हणाली, "दिऊ ना. पुतन्याची हलद होऊन जाव दे, मंग दिऊ."
अर्ध्या गावाचं हेच उत्तर. कोणाच्या भाच्याची हळद, कोणाच्या मेहुणीची. लग्नसराई आहे, मान्य. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, तेही मान्य. पण म्हणून लस अडते? कधी सुधारणार हे लोक! वर तोंडावर 'नाही' कोणीच म्हणत नाही, गोड बोलून कटवतात.
मशीनला शिकवलं: उत्तरात 'हळदीनंतर' आलं की घर लाल. मी याला 'हळद इंडेक्स' नाव दिलंय. जगात कोणाला सुचलं नसेल.

२५ जानेवारी
मॉडेल तयार. अचूकता ९१ टक्के. (ज्या डेटावर शिकवलं त्याच डेटावर तपासली. पण डेटा शेवटी डेटाच.)
पूनमच्या फोनवरच्या ॲपमध्ये लाल घरांसाठी स्क्रिप्टही लिहिली. पूनमने दारात उभं राहून हसून विचारायचं, "लसीबद्दल तुमच्या मनात काही शंका आहे का?" 'हसून' हा शब्द कंसात टाकलाय.
काही घरं मी हातानेच हिरवी केली. शिकलेली माणसं, प्रोजेक्टची माणसं. पहिलं आमचं. ज्याने मॉडेल बनवलं त्याला मॉडेल काय विचारणार? पूनम म्हणाली, "बरा झाला दादा, तेवरीच माजी चाल वाचली."
संस्थेच्या आश्लेषा मॅडम दिवेआगरच्या, बोलणं एकदम स्वच्छ. हातानं हिरवी केलेली घरं कशाच्या आधारावर, असं त्यांनी विचारलं. विश्वासाच्या, म्हणालो. त्या "हं" म्हणाल्या. इंप्रेस झाल्या.

३ फेब्रुवारी
धाकट्या भावाची, प्रणयची हळद चौदाला. नाक्यावर बॅनर लागला. शुभेच्छुकांत माझा फोटो गॉगलवाला, खाली 'निकेतशेठ, ए.आय. तज्ज्ञ'. बाबांचा फोटो माझ्याहून मोठा का, ते कळलं नाही.
आमच्या लेकीला, बायला, नऊ महिने पूर्ण झाले. आता गोवर-रुबेलाची लस. बाराला, बुधवारी, अंगणवाडीत.
संकल्प: पहिला नंबर आमचा. फोटो काढून प्रेझेंटेशनमध्ये टाकायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दोन दिवसांवर हळद. आई म्हणाली, "पोरीला ताप आला त कोन सांभालील? मी पावन्यांचा बघू का तिचा?" बायको विनिता म्हणाली, "ताप एक दिवस येतो न जातो. दहा मिंटाचा काम हाय, मी जाऊन येते." मग दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.
मी सायंटिफिकली विचार केला. मांडव, डीजे, हजार पानं उठणार, त्यात रडकं पोर. विनिताला म्हणालो, हळदीनंतर देऊ.
नोंद: लोकांच्या 'हळदीनंतर'मध्ये आणि आमच्या 'हळदीनंतर'मध्ये फरक आहे. लोकांचा तो संकोच. आमचं ते शेड्यूलिंग.

१४ फेब्रुवारी
हळद जोरात. धवलारीण चंद्राबाई मांडवात बसून हळदीची गाणी गात होती, डीजेपुढे कोणाला ऐकू आलं नाही. आत्याची नात बायला मांडीवर घेऊन बसली होती. त्या नातीचं नाक गळत होतं, डोळे लालबुंद. विनिताने झडप घालून बायला उचललं. चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणालो. डोळे सगळ्यांचेच लाल होते, माझेसुद्धा.

१७ फेब्रुवारी
विनिता म्हणते, सरकारी दवाखान्यात आजही लस मिळेल, गाडी काढा. उद्या डेमो आहे! गाडीत प्रोजेक्टर आहे! डेमोनंतर.

१८ फेब्रुवारी
डेमो झाला. टाळ्या! ठमाबाईचं उदाहरण दिलं. ॲप पूनमला सारखं तिच्या दारात पाठवत राहिलं, शेवटी म्हातारी वैतागली आणि हळदीच्या आधीच नातवाला टोचून आणलं. याला म्हणतात इम्पॅक्ट. आश्लेषा मॅडमनी विचारलं, "आणि हिरव्या घरी कोण जातं?" कोणीच नाही, म्हणालो. तोच तर फायदा.

२० फेब्रुवारी
शनिवारी नव्या जोडप्याची पूजा. घरात पाहुणेच पाहुणे. पूजेनंतर.
विनिता माझ्याशी बोलत नाही. दमली असेल.

२५ फेब्रुवारी
बायला ताप. दात येतायत.

२६ फेब्रुवारी
खोकला. डोळे लाल. दातच. नेटवर वाचलं, होतं असं.
संकल्प: उगाच घाबरायचं नाही.

२८ फेब्रुवारी
कानामागून पुरळ. दुपारपर्यंत तोंडावर, पोटावर. आईने एका नजरेत ओळखलं. बायच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली, आणि मग कोपऱ्यात बसून रडली. आत्याला फोन केला. तिच्या नातीलाही गोवरच होता, हळदीच्या दुसऱ्या दिवशी पुरळ आलं. आम्हाला कळवायचं राहून गेलं म्हणाली, लग्नघर म्हणून.
मॉडेलमध्ये पाहुण्यांचा कॉलमच नाही. ही त्रुटी मान्य.

२ मार्च
हॉस्पिटल. न्यूमोनिया. एवढ्याशा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो काढायला ती हात वर करते आणि हात अर्ध्यातूनच खाली पडतो.
डॉक्टरांनी विचारलं, लस का नाही दिली? विनिता माझ्याकडे बघत राहिली. हळद होती, म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. रोज ऐकत असणार.
मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

४ मार्च
ताप उतरतोय म्हणतात. मास्क अजून आहे.
आश्लेषा मॅडमना मीच फोन करून कळवलं. एका केसवरून मॉडेल चुकीचं ठरत नाही, सॅम्पल साइज फक्त एक आहे, असंही म्हणालो. त्या म्हणाल्या, "ती एक म्हणजे तुमची मुलगी ना?"
हातानं हिरवी केलेली घरं त्यांनी काढून टाकली. आता सगळ्यांना तेच प्रश्न, आम्हालाही. माझी उत्तरं मी फोनवरच दिली. खरी दिली.

९ मार्च
बाय घरी आली. हलकी झालीय, उचलताना कळतं. विनिता तिला माझ्याकडे देत नाही. मी मागतही नाही.
बाबा म्हणाले, ट्रेलरवर हिशोबाला माणूस लागतो. बघू म्हणालो. मॉडेलचं दुसरं व्हर्जन झाल्यावर.

१२ मार्च, बुधवार
सकाळी पूनम दारात. ॲपने पाठवलं म्हणाली. गावातलं सगळ्यात लाल घर आमचं.
मी म्हणालो, अगं, मला काय विचारतेस? स्क्रिप्ट मीच लिहिलीय.
"इचारल्याबिगर पुरचा पान उघरत न्हाय, दादा. तुमीच तसा केलाय."
मग ती हसली, कारण कंसात तसं लिहिलंय, आणि एकेक शब्द वाचून विचारलं, "लसीबद्दल तुमच्या मनात काही शंका आहे का?"
नाही, म्हणालो. कधीच नव्हती.
"मंग?"
हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नाही. विनिता बायला कडेवर घेऊन मागे उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.