सापाने मासा खाल्ला

ओजिमा, रविवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळ.

थंडीमुळे बागेत गांडुळं मिळेनाशी झाली आणि नातीचा पाळीव, बिनविषारी गार्टर साप दुसरं काही खाईना. उपाशी मरतो की काय, हीच धास्ती. आज मासा दिला, तर त्याने तोंड फिरवलं.

मीरा ओरडली, "आजोबा, माशाला हळद-मीठ लावलंत?"

लावलं होतं. वास जायला नको? तसाच मासा कुणाला वाढतात का?

"अहो, त्याला वासच हवा असतो!"

मग नवा तुकडा घेऊन त्यावर शेवटचं गांडूळ चोळलं. नुसत्या वासाला भुलला लबाड, गपकन गिळला! मीरा जपानीत "याट्टा!", म्हणजे 'जमलं!', म्हणत नाचली. मीही नाचलो, गुडघ्यांसकट.

पण काटा राहिला नसेल ना त्यात? दोनदा चाचपला होता. तरी बसतो जरा त्याच्यापाशी.