नवरीवाचून म्हटलेला धवला

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुला काही लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असतानाही लिहायचा प्रसंग कधी आला नाही. लग्नानंतर मी भिवंडीत राहायला आले तेव्हा अंजूरला निरोप रिक्षावाल्याबरोबर जायचा. "आयेला सांगा, रविवारी येते." तो सांगायचा, आणि तू रविवारी सकाळपासून ओट्यावर बसून राहायचीस. आताचा निरोप कुणाबरोबर धाडण्यासारखा नाही, म्हणून कागद घेतला.

मी यंदा निवृत्त झाले. तहसील कचेरीतली खुर्ची सुटली आणि दिवसभर रेकॉर्डी ऐकायला मोकळी झाले. तुला या रेकॉर्डींचं कधी कौतुक नव्हतं. भंगारवाल्याकडून मी पहिला प्लेअर उचलून आणला तेव्हा तू त्याच्याभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "गानी काय इकत घ्याची वस्तू हाय?" तुझ्या दृष्टीने गाणं म्हणायचं असायचं, तेही ज्याच्या त्याच्या वेळेला. गावात तुझ्यावाचून लग्न लागत नसे. हळद असो, तेलवण असो, नवरीची पाठवणी असो, प्रत्येक विधीला त्याचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणणारी धवलारीण लागते, आणि अंजूरपासून पार दिघाशीपर्यंत लोक तुलाच बोलवायला यायचे. पण घरात तू कधी गुणगुणली नाहीस. मला वाटायचं, थकत असशील.

एक दुपार मला अजून स्पष्ट दिसते. पहिल्या पगारातून मी टेपरेकॉर्डर घेतला आहे. तू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहेस आणि मी तुझ्या पाटाशेजारी ती पेटी ठेवून म्हणते, "आये, हळदीचा धवला म्हण ना. एकदाच. मला ठेवायचाय." तू भाकरी तव्यावर टाकतेस, पिठाचा हात तसाच पुढे करतेस आणि बटण दाबून पेटी बंद करतेस. "लगीन हाय कं घरान? नवरी हाय? मंग कोनासाठी म्हनू?" मी हसून पुन्हा बटणाकडे हात नेते, तर तू उलथनं आपटून ओरडतेस, "सांगितला ना एकदा! न्हाय म्हंजे न्हाय!" तू माझ्यावर अशी ओरडल्याचं मला दुसरं आठवत नाही. त्या बटणाच्या खाचेत तुझ्या हाताचं पीठ बसलं होतं, ते मी सुईने काढलं. मी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तू गेलीस तेव्हा तुझा आवाज माझ्याकडे कशावरही नव्हता.

आता जुन्या रेकॉर्डी नव्याने काढायची लाट आली आहे. कुठल्या कुठल्या कपाटांतल्या मूळ टेपा शोधतात, स्वच्छ करतात आणि जाड, जड, नव्या कोऱ्या तबकडीवर पुन्हा छापतात. आमचा पाचसहा जणांचा गट आहे. वर्षाच्या शेवटी कल्याणला एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी जमतो आणि त्या वर्षी नव्याने निघालेल्या रेकॉर्डींपैकी प्रत्येकाने आपल्या आवडीच्या तीन आणायच्या, असा रिवाज आहे. माझ्या दोन लवकरच ठरल्या होत्या. एक सारंगीची, वादकाच्या अगदी म्हातारपणची, ज्यात गज फिरताना त्याचा श्वासही ऐकू येतो. दुसरी कव्वालीची. ती मी लहानपणी भिवंडीच्या बाजाराला येताना लूमच्या गल्लीतल्या हॉटेलात ऐकायचे. यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज काढायचा म्हणून हॉटेलवाला ती इतकी मोठी लावायचा की शब्द फुटून जायचे. ते शब्द मला या वर्षी पहिल्यांदा नीट कळले.

तिसरी पार्सलने आली. तुझ्या माहेरची, वळ गावची, सगळी शेतं आता गोदामांखाली गेली आहेत, आणि मी मुंबईहून मागवलेली रेकॉर्डही त्यातल्याच एखाद्या गोदामात उतरून मग माझ्या दारी येते. खाडीकाठच्या गावांतल्या लग्नगीतांची रेकॉर्ड होती. मुख्य गाणारी मुंबईची कुणी बाई, आणि साथीला गावच्या बायका. मूळ कव्हरावर त्या नुसत्या 'आणि साथी' होत्या. नव्या कव्हरामागे बारीक अक्षरात छापलं होतं की साथीदार स्त्रियांची नावं मिळू शकली नाहीत, कुणाला ठाऊक असल्यास कळवावीत. मी ती दोन महिने ऐकली. दुसऱ्या बाजूला हळदीचा धवला आहे. त्याची सुरुवात मुख्य बाई करत नाही, साथीतली एकजण करते. कोवळा, ताणलेला, किंचित घाबरलेला आवाज. मला तो आवडला, आणि रेकॉर्ड तिसऱ्या क्रमांकावर ठेवली.

दिवाळीनंतर दिघाशीची मावशी, तुझी सोबतीण, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. तुझ्याबरोबर जन्मभर धवले म्हटलेली हीच एक आता उरली आहे. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती पलंगावर बसलेली, मी तांदूळ निवडत होते, आणि रेकॉर्ड लावलेली होती. बाजू बदलली. धवला सुरू झाला आणि मावशीने एकदम माझा हात धरला.

"हा कोनी दिला तुला?"

"विकत घेतला. का गं?"

"अगो, ही तुझी आये हाय."

मी म्हटलं, "मावशी, नीट ऐक." ती म्हणाली, "मना काय ऐकाला सांगतंस? मी तिच्या बाजूला उबी व्हते." आणि पुढच्या ओळीला जिथे बाकीचे आवाज मिसळतात, तिथे बोट उचलून म्हणाली, "ही मी."

आये, मी सुई उचलून पुन्हा त्या ओळीवर ठेवली. कुठली तबकडी कुठल्या छपाईची ते मी पहिल्या खरखरीवरून सांगते, असं गटात म्हणतात. आणि दोन महिने माझ्या घरात तू गात होतीस तर मला कळलं नाही. मला ठाऊक होता तो तुझा आवाज दम्याने चिरलेला, घोगरा. हा आवाज माझ्या लेकीहूनही लहान असलेल्या एका मुलीचा होता, जिला मी कधी भेटलेच नव्हते.

मग मावशीने सगळं सांगितलं. तू नुकती लग्न होऊन आलेली होतीस. मुंबईच्या कंपनीचा माणूस शाळेच्या गुरुजींची ओळख काढून आला आणि तुम्हा चौघींना घेऊन गेला. काचेच्या बंद खोलीत उभं केलं. हळदीच्या गाण्याला आधी एकटा आवाज हवा, असं त्याने सांगितलं आणि पुढे उभी होतीस म्हणून तुला बोलावलं. तू विचारलंस, "नवरी कुठं हाय?" सगळे हसले. नवरी समोर नसताना हळदीचा धवला म्हणायचा नसतो, असं तू पुन्हा म्हणालीस, तेव्हा त्या माणसाने मायक्रोफोनच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही नवरी समजा, बाई. चला." मावशी म्हणाली, "मंग तिनी त्या दांड्याकरं बघून म्हनला. हात पन जोरले."

"आणि मग?"

"मंग काय. त्याच साली तुझी धाकटी मावशी गेली."

तुझ्या धाकट्या बहिणीचा फोटो आपल्या घरात होता. दोन वेण्या, मान किंचित वाकडी. तू रोज त्याच्यापुढे दिवा लावायचीस. कावीळ होऊन गेली एवढंच मला ठाऊक होतं. तिचं लग्न ठरलेलं होतं, हळद दळून डब्यात भरून ठेवलेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणाली की तुझ्या मनाने घेतलं ते घेतलंच. आपण नवरीवाचून धवला म्हटला, म्हणून तो धवला आपल्या घरची नवरी घेऊन गेला. पुढे कंपनीने चौघींना एकेक रेकॉर्ड पाठवली. तुझी तू कव्हरासकट खाडीत टाकलीस. "जराशी तरंगली," मावशी म्हणाली, "मंग गेली. मना बोलली, कोनाला सांगशील तर माझी शप्पत हाय. मी आजवर न्हाय सांगितला. पन तूच लावलीस, मी काय करू?"

माझ्या हळदीच्या दिवशी, आये, तू मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभी होतीस आणि धवला मावशीने म्हटला. सगळ्या गावाच्या लेकींना तू हळद म्हटलीस आणि पोटच्या पोरीला नाही. बायका कुजबुजल्या. मी तुला विचारलं तेव्हा तू पदराने तोंड पुसत म्हणालीस, "घसा बसलाय." मला ते किती वर्षं लागून राहिलं होतं. मला वाटायचं, मी शिकले, कचेरीत लागले, भिवंडीत घर केलं, म्हणून तुझं मन माझ्यावरून उतरलं. तू भीत होतीस हे माझ्या कधी मनातही आलं नाही. गावच्या लेकींना म्हणताना भीत नव्हतीस का, हेही मावशीला विचारलं. ती म्हणाली, "भ्याची ना. पन बोलवाला आल्यावं न्हाय कशी म्हननार? आपल्या घरची नवरी तेवरी तिनी राखून ठेवली."

कल्याणच्या बैठकीला मी तिन्ही रेकॉर्डी नेल्या. सारंगी झाली, कव्वाली झाली. तिसरी लावली तेव्हा प्राध्यापक डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ही सुरुवात करणारी कोण असेल हो? जिवावर उदार होऊन म्हणते आहे." मी सांगू शकले असते. मी कव्हर हातात घेऊन म्हटलं, "नावं मिळाली नाहीत, असं लिहिलंय." कुणी चहा आणला, बोलणं दुसरीकडे गेलं. परत येताना माझी मला लाज वाटली. शप्पत मावशीला घातलेली होती, मला नाही.

घरी आल्यावर मी मावशीला विचारलं की नाव कळवू का. तिची पट्टी तोवर निघाली होती, काळा चष्मा लावून ती गॅलरीत बसली होती. म्हणाली, "कलव. आमच्या चौघींची कलव. आता त्यातली कोन मरायची राह्यलीय? मीच ती एक." आणि स्वतःच हसली. त्या रात्री जेवण झाल्यावर मी बसले आणि चौघींची नावं, गावं कंपनीला कळवून टाकली. तुझं सगळ्यांत वर लिहिलं. तुला आवडलं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मागे कुणीतरी ती तबकडी लावील आणि त्याला वाटेल, ही कुणीच नव्हती, हे मला सहन होईना. पुढच्या छपाईत नावं घालू, असं त्यांचं उत्तरही आलं.

इथवर लिहून थांबले होते. एक राहिलंच आहे. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, वैशाखात. तिला हे सगळं मावशीकडून कळलं, आणि ती लगेच धरून बसली की हळदीला आजीचाच धवला लावायचा. "आई, विचार कर ना, आजीच्या आवाजात हळद! कुणाच्या नशिबात असतं?" मावशी तर म्हणते, लावायलाच पाहिजे. "तवा नवरी नव्हती म्हून ती भ्याली. आता नवरी हाय ना समोर? मंग भ्याचं कशाला? तो धवला कवाचा नवरीची वाट बघतंय."

मावशीचं म्हणणं बरोबर असेल. मी या गोष्टी मानत नाही, कधीच मानल्या नाहीत, कचेरीत अमावास्येला कामं अडवणाऱ्यांशी मी भांडलेली आहे. पण लेकीला मी सांगितलं की मांडवात धूळ फार असते, जुन्या गाण्याची रेकॉर्ड आहे, खराब होईल. तिला ते पटलं.